कोपऱ्याशेजारची जागा

‘चपला इथंच काढ. आणि कुणी विचारल्याशिवाय बोलू नकोस,’ अण्णा म्हणाले.

त्यांनी लुना गिरणीच्या भिंतीला टेकवली होती आणि रुमालानं मान पुसत होते. मे महिना होता, सकाळचे साडेआठ. आत पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता. दाराबाहेर सात-आठ डबे ओळीनं मांडलेले आणि त्यांच्या मालकिणी लिंबाच्या सावलीला बसलेल्या. दहाला वीज जाते, तोवर हौसाबाईंना मान वर करायला सवड नसते, तेव्हा थांबावं लागेल, हे अण्णांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं.

आम्ही निवळ्याला आलो होतो ते हौसाबाईंच्या मुलीसाठी. शालन येवले. बारावीची परीक्षा दिलेली, तालुक्यातल्या कबड्डीच्या मैदानांवर उजव्या कोपऱ्याला उभी राहणारी. त्या वर्षी आमच्या भागात तिच्यासारखा घोटा धरणारी दुसरी मुलगी नव्हती. दर मे महिन्यात कॉलेजांचे कबड्डी प्रशिक्षक असेच गावोगाव फिरत. फी माफ, वसतिगृह फुकट, मेस फुकट, शिवाय पुढं खेळाच्या कोट्यातून पोलिसांत नोकरी लागेल ही आशा. कुणी आईसाठी साडी न्यायचं, कुणी सरपंचाला मध्ये घालायचं. अण्णांनी नेलं होतं फक्त एक निळं प्लास्टिकचं फोल्डर, त्यात प्रवेशाचा अर्ज. आणि मला.

अण्णा आमच्या कॉलेजच्या मुलींच्या संघाचे दुय्यम प्रशिक्षक होते. मुख्य प्रशिक्षक इंगवले सर. सर चढाई शिकवत, कोपरे शिकवत, संघ निवडत, भाषण करत. अण्णा फक्त कव्हर शिकवत. कोपऱ्याच्या आतल्या अंगाला जी उभी राहते ती कव्हर. चढाईला आलेलीचा घोटा कोपरा धरतो, टाळ्या त्याला पडतात, वर्तमानपत्रात पकड त्याच्या नावावर लागते. त्याच क्षणी वरून झडप घालून त्या चढाईवालीला रेषेपर्यंत पोहोचू न देणं हे कव्हरचं काम. ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. अण्णा उमेदवारीच्या वयात स्वतः कव्हरला खेळले होते आणि चाळीस वर्षं त्यांनी मैदानाचा तेवढाच तुकडा पाहिला. सामना बघताना सगळ्यांच्या माना चढाईवालीबरोबर फिरत. अण्णांची मान जागची हलत नसे.

इंगवले सर त्यांना सगळ्यांसमोर म्हणायचे, ‘ढाणे, जिलेबीच्या पाकाला कधी वेगळा आचारी ठेवतात का हो?’ अण्णा हसायचे. पण त्या एप्रिलमध्ये प्राचार्यांनी तेच जरा सभ्य शब्दांत विचारलं. पुढच्या वर्षापासून मुलींच्या संघाला एक प्रशिक्षक पुरेल असं वाटतं, ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, उजवा कोपरा मोकळा पडलाय, येवलेंची मुलगी तुम्ही आणलीत तर मानधनावरची नेमणूक चालू ठेवायचं बघू. अण्णांनी हे घरी आईला सांगितलं तेव्हा मी पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. ते पान मी तीनदा वाचलं.

उजवा कोपरा मोकळा का पडला होता, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मी उजवी कव्हर होते. मैदानावर अण्णांना सर म्हणायचे, घरी अण्णा. माझ्या शेजारी कोपऱ्याला मंदा कणसे. दोन वर्षं आम्ही मनगटात मनगट अडकवून उभ्या राहिलो होतो. डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम लढत, शेवटची दोन मिनिटं, आमच्या चौघीच उरलेल्या. दोन कोपरे, दोन कव्हर. समोरची चढाईवाली आत आली, मंदा घोट्यावर झेपावली आणि तिच्या खांद्यातून जो आवाज आला तो पंचांच्या शिट्टीतूनही मला ऐकू आला. सामना हरलो. खांदा निखळला. इंगवले सर म्हणाले, मंदानं घाई केली. सगळे तेच म्हणाले. आठवड्यानं दवाखान्यात तीसुद्धा तेच म्हणाली, ‘मीच घाई केली गं हेमा.’ मी तिच्या उशाशी बसून मोसंबं सोलत होते. मी काही म्हणाले नाही.

तिनं खेळ सोडला. फेब्रुवारीत कॉलेजही सोडलं. मी तिसऱ्या वर्षाचा अभ्यास आहे असं सांगून सरावाला जाणं बंद केलं. अण्णा एकदाही रागावले नाहीत. निवळ्याला जाताना मात्र म्हणाले, ‘चल माझ्याबरोबर. मुलीच्या आईशी बोलायला घरची बाई असलेली बरी.’

आता लिंबाखालच्या बायकांनी आम्हाला गाठलं होतं.

‘पाव्हणं, पोरगी बघायला आलाय जणू,’ एकीनं सुरुवात केली.

‘होय,’ अण्णा म्हणाले.

‘मग पसंत हाय का?’

‘आम्हाला आहे. आता आम्ही तिला पसंत पडायचं.’

‘पोरगी दांडगी हाय बरं का,’ दुसरी म्हणाली. ‘नवऱ्याचा घोटा धरंल तर सोडायची न्हाई.’

बायका हसल्या. आतून शालन एक पोतं दोन्ही हातांनी छातीशी घेऊन बाहेर आली, ते बिनआवाजाचं खाली ठेवलं आणि आमच्याकडं न बघता परत गेली. केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी झालेली. उंचीनं माझ्याएवढीच, पण खांदे रुंद. मी त्या खांद्यांकडंच बघत राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

दहाला वीज गेली. पट्ट्याचा आवाज खाली खाली येत थांबला तशी गल्लीतली कोंबडी ऐकू यायला लागली. हौसाबाई पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील. नवरा गेल्यावर सात वर्षं गिरणी त्यांनीच चालवलेली. त्यांनी दाराशी पोतं अंथरलं, आम्हाला बसवलं आणि थाळीतून चहा आणला. थाळीतल्या कडेचा कप उचलून त्यांनी अण्णांना दिला, मधला मला. चहा इतका गोड होता की माझी जीभ चिकटली. अण्णांना मार्चमध्ये साखर निघाली होती, डॉक्टरांनी तंबी दिली होती. मी त्यांच्याकडं डोळे वटारून पाहिलं. त्यांनी सावकाश सगळा कप संपवला. बरं वाटावं म्हणून माणूस किती करतो, असं मला वाटलं आणि रागही आला.

हौसाबाईंनी वसतिगृहाची चौकशी केली. भाकरी मिळते का चपातीच. दाराला कडी आतून असते का. मुलगी आजारी पडली तर कोण बघतं. अण्णा एकेका प्रश्नाला जेवढ्यास तेवढं उत्तर देत होते. शालन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मग हौसाबाई म्हणाल्या, ‘मास्तर, एक इचारते. गेल्या साली तुमच्या एका पोरीचा खांदा निखळला न्हवं?’

‘निखळला.’

‘कुठं उभी हुती ती?’

‘उजव्या कोपऱ्याला.’

‘म्हंजे माझी शालन जिथं उभी ऱ्हाणार, तिथंच.’

‘तिथंच.’

‘दुसऱ्या कॉलेजची माणसं परवा येऊन गेली. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. तुम्ही न्हाई सांगितलं.’

‘तुम्ही विचारलं नसतंत तर निघताना सांगणार होतो.’

हौसाबाईंनी थाळी खाली ठेवली. ‘माझ्या घरात दोन माणसांचं चार हात हायत, मास्तर. त्या चार हातांवर ही गिरणी चालते. एक हात गेला तर मी काय करू? म्हणून इचारते. चूक कुणाची हुती?’

‘माझी,’ अण्णा म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘तुम्ही तर भाईर बसलेलं.’

‘बाहेरच होतो. पण कोपऱ्याशेजारी जी मुलगी असते, तिला मी शिकवतो. इंगवले सर नाहीत, मी. दोघींनी एकमेकींचं मनगट धरलेलं असतं. कोपरा झेपावला की शेजारणीनं त्याच क्षणी हात सोडायचा असतो. आधी सोडला तर साखळी तुटते. नंतर सोडला तर झेपावणारीचा खांदा मागं ओढला जातो. त्या दिवशी नंतर सुटला. माझं शिकवणं कमी पडलं.’

‘म्हंजे तुमच्या शिकवण्यापायी एका पोरीचा हात गेला. आन आता माझी पोर तुमच्याच हाती द्यायची?’

‘तो निर्णय तुमचा. पण खोटं सांगून मी तिला नेणार नाही.’

असं म्हणून त्यांनी मांडीवरचं निळं फोल्डर उचललं आणि बाजूला, भिंतीला लावून ठेवलं. ती साधी हालचाल मला अजून दिसते. तेवढ्या एका उत्तरात शालन हातची गेली होती, अण्णांची नेमणूक गेली होती. जूनपासून ते सकाळी साडेपाचला उठतील, सवयीनं बुटांच्या नाड्या बांधतील आणि अंगणात उभे राहतील. आणि हे सगळं ते माझ्या चुकीवर पांघरूण घालून करत होते, मी शेजारी बसलेली असताना, आवाज जरासुद्धा न चढवता.

हौसाबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. शालनही नाही. मला कुणीही काही विचारलं नव्हतं.

‘हात मी सोडला नाही,’ मी म्हणाले.

मी पुष्कळ वाचणारी मुलगी होते. पुस्तकातली माणसं कबुली देतात तेव्हा आधी बराच वेळ बोलतात, आपलं मन उलगडून दाखवतात. मला त्या एका वाक्यानंतर घसा साफ करावा लागला.

‘मंदाशेजारी मी होते. मी यांची मुलगी. यांनी शिकवण्यात काही कमी केलं नव्हतं. रोज सरावाला बाहेरून ओरडायचे, सोड म्हणून. मंदानं घाई केली असं सगळे म्हणतात, तीही म्हणते. तिनं घाई केली नव्हती. ती बरोबर वेळेवर वाकली. मी धरून ठेवलं. आम्ही हरत होतो, आणि हात सोडला की मी एकटी पडेन अशी भीती वाटली. तेवढंच.’

कोंबड्या दाणे टिपत होत्या.

‘इतकं दिस कुणाला बोलली न्हाईस?’ हौसाबाईंनी विचारलं.

‘कुणी विचारलं नाही.’ मग मी म्हणाले, ‘विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.’

त्या अण्णांकडं वळल्या. ‘तुम्हाला ठावं हुतं?’

‘तिथंच कळलं. मी दुसरीकडं बघतच नाही.’

‘मग आपल्या अंगावर कशापायी घेतलंत?’

‘कुणाच्या नाही, माझ्याच अंगावरचं आहे,’ अण्णा म्हणाले. ‘चढाई कशी करायची ते सर शिकवतात, घोटा कसा धरायचा तेही शिकवतात. धरलेला हात वेळेवर सोडणं, एवढं एकच माझ्याकडं आहे. तेच माझ्या मुलीला आलं नाही, तर मी कोणाला काय शिकवलं?’

तेव्हा शालन पहिल्यांदा बोलली. चौकटीवरून हलली नाही, तिथूनच मला म्हणाली, ‘आता सोडशील?’

‘माहीत नाही,’ मी म्हणाले. ‘डिसेंबरपासून कुणाशेजारी उभीच राहिले नाही.’

‘मग बघू की.’

‘काय बघतीस?’ हौसाबाई म्हणाल्या.

‘हिच्याशेजारी मला उभं ऱ्हायचंय न्हवं? मग बघू की आत्ताच.’

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, थांबवतील. त्यांनी तोंड मिटलं.

शालननं गिरणीच्या जमिनीवरचं झाडून ठेवलेलं पीठ सुपात घेतलं. गुरांना घालायचं असतं ते. अंगणात तिनं त्याच्या दोन रेषा ओढल्या, एक आमच्या मागं, एक समोर. चढाईला कोण येणार, असं तिनं सावलीतल्या बायकांना विचारलं. कुणी उठेना. हौसाबाईंनी एकदा लिंबाकडं पाहिलं, मग लुगड्याचा काष्टा आवळला आणि पदर कमरेला खोचला.

‘माझ्या टायमाला हुतूतू म्हणायचे,’ त्या म्हणाल्या. ‘माहेराला माझा दम कुणाला मोडता आला न्हवता.’

‘हौसा, मोडशील गं बाई,’ सावलीतून कुणीतरी म्हणालं.

‘दळण मिळायचं न्हाई तुला,’ हौसाबाई मागं न बघता म्हणाल्या.

मी शालनच्या आतल्या अंगाला उभी राहिले. तिनं हात पुढं केला. अण्णा आम्हाला बोटात बोट कधीच धरू द्यायचे नाहीत. बोटं घामानं निसटतात आणि सुटायची तेव्हा अडकतात. मनगटाला मनगट धरायचं. तिचं मनगट पिठानं कोरडं आणि कढत होतं. माझा तळवा ओला झाला होता. तिच्या नाडीचे ठोके मला लागत होते, आणि माझे तिला लागत असणार, कारण तिनं मान वळवून एकदा माझ्याकडं पाहिलं.

अण्णा रेषेबाहेर उभे होते, हात पाठीमागं. सरावाला ते नेहमी तिथंच उभे राहून ओरडायचे. त्या दिवशी ते ओरडणार नाहीत, हे मला त्यांच्या जबड्याकडं बघून कळलं.

हौसाबाईंनी रेषा ओलांडली. हुतूतूतूतू, एका दमात, बारीक चिवट आवाजात. पहिल्यांदा त्या माझ्या बाजूला आल्या, हुलकावणी दिली, बायका ओरडल्या. आम्ही दोघी एका पावलानं मागं सरकलो, एका पावलानं पुढं. मग त्या कोपऱ्याकडं वळल्या, डावा पाय लांब टाकला, आणि शालन वाकायच्या आधी तिच्या मनगटातली शीर ताठली.

मला तो डिसेंबरातला आवाज आठवला. खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझी बोटं आणखी आवळायला निघाली होती. आणि मी ती उघडली. आपोआप उघडली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. एकेक बोट ओढून काढावं तशी मी ती उघडली, आणि त्याला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नसेल. शालनचा हात सुटला, ती जमिनीसरशी गेली, तिनं आईचा घोटा धरला. मी दोन पावलं टाकून हौसाबाईंच्या कमरेवर झेपावले. आम्ही तिघी पिठाच्या रेषेवर पडलो. माझ्या तोंडात पीठ आणि माती.

सगळ्यात खाली हौसाबाई होत्या. त्यांचा दम मोडला होता आणि त्या हसत होत्या.

‘उठ की गं,’ त्या शालनला म्हणाल्या. ‘कालेजात जायला मिळालं तुला. आता आईचा घोटा सोड.’

शालन उठली आणि उजवा खांदा दोनदा गोल फिरवून बघितला. मग मला हात देऊन उठवलं. मनगट धरून.

अण्णा जवळ आले. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. त्यांनी माझ्या केसांतला पिठाचा गोळा काढून टाकला आणि म्हणाले, ‘सोडल्यावर उजवं पाऊल आधी टाक. डावं टाकलंस.’

फोल्डर त्यांनी उचललं, पण उघडलं नाही. सही वगैरे होईल, आधी हातपाय धुवा, म्हणाले. परत निघाल्यावर मी मागून विचारलं, ‘अण्णा, अर्जावर सही राहिली.’ ‘आहे सगळं,’ ते म्हणाले. लुनाच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं.

हमरस्त्याला लागायच्या आधी एक फाटा आहे. डावीकडं गेलं की मंदाचं गाव. अण्णांनी लुना थांबवली, एक पाय जमिनीला टेकवला. ‘आज की उद्या?’

‘आज,’ मी म्हणाले.

ते तिच्या गावच्या चावडीपाशी थांबले. मी एकटी आत गेले. मंदा सोप्यात तांदूळ निवडत होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डाव्या हातानं. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर सांगितलं गेलं नसतं. तिनं ऐकून घेतलं. सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला, आणखी एक ठेवला. ‘पाच महिनं,’ ती म्हणाली. ‘पाच महिनं मी रातंदिस तोच डाव खेळतीया मनात. कुठं घाई झाली ते बघतीया.’ तिनं सूप खाली ठेवलं. ‘आता जा,’ ती म्हणाली. मी गेले.

जूनमध्ये मंदानं कॉलेजात पुन्हा नाव घातलं. खांद्याला पट्टा बांधून मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि इंगवले सरांना म्हणाली, डावा कोपरा द्या. म्हणजे माझ्यापासून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. उजव्या कोपऱ्याला शालन, तिच्याशेजारी मी. मी एम.ए.ला तिथंच राहिले, आणखी दोन वर्षं खेळले. मंदा माझ्याशी बोलायला लागली ती दिवाळीनंतर, आणि पुन्हा माझ्याशेजारी मात्र कधी उभी राहिली नाही. मी तिला तसं कधी विचारलंही नाही. अण्णांची नेमणूक टिकली. पुढं अकरा वर्षं ते कव्हर शिकवत राहिले, आणि इंगवले सर शेवटपर्यंत पाकाचा विनोद करत राहिले.

या जानेवारीत अण्णा गेले.

दहावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी घर जरा रिकामं झालं. मंदा तीन दिवस आमच्याकडंच होती, स्वयंपाकघर तिनं हातात घेतलं होतं. दुपारी पोलिसांची जीप दाराशी थांबली. शालन आता फौजदार आहे. तिनं आईला हाताला धरून उतरवलं. हौसाबाई वाकल्या आहेत, पण आवाज तोच आहे. फोटोला हात जोडून त्या माझ्या शेजारी बसल्या. मंदानं चहा आणला.

‘मास्तरांना बिनसाखरेचा लागायचा,’ त्या कप हातात घेऊन म्हणाल्या. ‘पैल्यांदा आलं तवा म्या साखर घालून दिला. न्हाई म्हणाले न्हाईत, नुसता हातात धरून बसले. दुसऱ्यांदा आलं तवा ध्यानात ठिवलं.’

‘दुसऱ्यांदा म्हणजे?’ मी म्हणाले. ‘आम्ही एकदाच आलो होतो.’

‘तू एकदा आलीस. मास्तर आदल्या रविवारी येऊन गेलेलं. एकलंच.’

शालन खाली बघत होती.

‘अर्जावर सही तवाच केली की म्या,’ हौसाबाई म्हणाल्या. ‘खांद्याचं त्यांनीच सांगितलं, सगळं. कुणाचा हात सुटला न्हाई तेबी. त्या दुसऱ्या कॉलेजच्या माणसांनी त्यांच्या पोरींच्या दुखापतींची लपवालपवी केली हुती, ह्या माणसानं आपल्या पोरीचं झाकलं न्हाई. म्हटलं, ह्याच्याकडं माझी पोर ऱ्हाईल. सही केली. मग उठताना म्हणाले, पुढच्या रविवारी माझ्या मुलीला घेऊन येतो. तिच्यासमोर मला इचारा, चूक कुणाची. मी माझी म्हणीन. तुम्ही तिच्याकडं बघू नका, तिला काय इचारू नका. म्या म्हटलं, मास्तर, मला असलं सोंग जमायचं न्हाई. म्हणाले, जमंल.’

चहावर साय धरायला लागली होती.

‘हुतूतू मात्र माझ्या मनाचं,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी त्यातलं काय सांगितलं न्हवतं. तुम्ही उभ्या ऱ्हायलात तवा त्यांचं तोंड बघायला पायजे हुतंस. एवढंसं झालं हुतं.’

स्वयंपाकघराच्या दारात मंदा उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती आली आणि माझ्या उजव्या अंगाला, भिंतीच्या बाजूला बसली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

‘आणि मी काही बोललेच नसते तर?’ मी विचारलं.

‘म्याबी तेच इचारलं हुतं त्यांना,’ हौसाबाई म्हणाल्या. ‘म्हटलं, पोरगी गप बसली तर काय करणार?’

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, मग पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात घेऊन जाईन.’